मोठ्या कंपनीचं नवं-जुनं

माझ्या मावशीच्या पासबुकात तीन नोंदी आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये एक हजार रुपये, २०२४ च्या मार्चमध्ये दोन हजार, २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा दोन हजार. व्याज वेगळं. मावशी निवृत्त शिक्षिका, सोलापूरच्या साखर पेठेत राहते आणि भाजीच्या दोन जुड्यांचा हिशेबसुद्धा रोज रात्री वहीत लिहिते. पहिली नोंद दिसली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं आणि पासबुकावर बोट ठेवून विचारलं, "अरे, शेअर तर मी विकलेले नाहीत. मग एनटीपीसीनं हे पैसे कशाचे पाठवले?"

तिला उत्तर देता देता एका मोठ्या कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचं सगळं गणित तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडत गेलं. ते पुरतं समजायला मला स्वतःलाही काही दिवस लागले.

मावशीनं २००४ साली एनटीपीसी या वीजनिर्मिती कंपनीच्या पहिल्या सार्वजनिक विक्रीत ६२ रुपयांनी शेअर घेतले होते. तिनं असे ४०० शेअर घेतले होते. मार्च २०१५ मध्ये कंपनीनं आपल्या प्रत्येक भागधारकाला एका शेअरमागे साडेबारा रुपयांचं एक बोनस डिबेंचर दिलं. डिबेंचर म्हणजे कर्जरोखा. कंपनीनं लिहून दिलं, की ही रक्कम आम्ही तुमचं देणं लागतो, तिच्यावर वर्षाला ८.४९ टक्के व्याज देऊ आणि मुद्दल तीन हप्त्यांत फेडू: आठव्या वर्षाच्या अखेरीस अडीच रुपये, नवव्या वर्षी पाच आणि दहाव्या वर्षी पाच. मावशीच्या ४०० शेअरांवर हे ५,००० रुपये झाले. पहिली आठ वर्षं तिला वर्षाला ४२४ रुपये ५० पैसे व्याज मिळत होतं. त्या नोंदी लहान असल्यामुळे लाभांशाच्या नोंदींत मिसळून गेल्या. मुद्दलाचा पहिला हप्ता आला तेव्हा मात्र तिच्या नजरेतून तो सुटला नाही.

या व्यवहारात कंपनीकडे नवा एकही पैसा आला नाही. वर्षानुवर्षं साठलेल्या राखीव निधीतला एक भाग तिनं भागधारकांच्या नावे कर्ज म्हणून मांडला. तोवर 'कधीतरी वाटायचा नफा' असलेली रक्कम त्या दिवसापासून 'अमुक तारखेला द्यायचं देणं' झाली. सगळे रोखे मिळून ही रक्कम सुमारे १०,३०६ कोटी होती. तिचे पडलेले हप्ते असे: २०२३ साली दोन हजार कोटींहून थोडे जास्त, २०२४ आणि २०२५ साली प्रत्येकी चार हजार कोटींहून थोडे जास्त. मावशीचा प्रश्न इथे अधिक नेमका झाला. "सगळे एकदम का नाही दिले? आणि पहिली आठ वर्षं मुद्दलाला हातच का लावला नाही?"

आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दक्षिण सोलापुरातल्या कुठल्याही विकास सोसायटीत मार्चअखेर जाऊन बसा. सचिवाच्या टेबलापुढे रांग असते आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो: नवं-जुनं. गेल्या वर्षीचं पीककर्ज मुदतीत भरायचं, खातं बेबाक करायचं आणि त्याच खात्यावर या वर्षीचं नवं कर्ज उचलायचं. हातात रोकड नसली तर पाहुण्यांकडून, नाहीतर आडत्याकडून चार दिवसांसाठी रक्कम उभी करायची, सोसायटीत भरायची आणि नवं कर्ज मंजूर होताच ज्याची त्याला परत द्यायची. कागदावर जुनं कर्ज फिटलेलं असतं. खरं पाहिलं तर तेच कर्ज एक वर्ष पुढे गेलेलं असतं.

मोठी कंपनीही नेमकं हेच करते. तिच्या रकमा कोटींत असतात, कागद इंग्रजीत असतात आणि तिला चार दिवसांची रक्कम देणारा पाहुणा म्हणजे एखादी बँक असते. पण नवं-जुनं ते नवं-जुनंच. म्हणून एखाद्या कंपनीवर दोन लाख कोटींचं कर्ज आहे हे वाचून घाबरून जाण्यात किंवा 'एवढी मोठी कंपनी, तिला काय होतंय' म्हणून निर्धास्त राहण्यात फारसा अर्थ नाही. त्या कर्जातलं किती, कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात फेडायचं आहे आणि त्या महिन्यात नवं-जुनं होण्यासारखी परिस्थिती असेल का, हे पाहायला हवं. सगळी देणी एकाच मार्चमध्ये अंगावर आली आणि नेमक्या त्या मार्चमध्ये बाजारात पैसा आटला, तर चांगली कमावती कंपनीही आडवी होते.

एनटीपीसीनं परदेशात विकलेल्या रोख्यांच्या तारखा पाहिल्या की यामागची शिस्त दिसते. २०११ मध्ये घेतलेले ५० कोटी डॉलर जुलै २०२१ मध्ये फेडायचे. २०१२ चे ५० कोटी डॉलर ऑक्टोबर २०२२ मध्ये. २०१९ चे ४५ कोटी डॉलर एप्रिल २०२४ मध्ये, तर २०१४ चे ५० कोटी डॉलर नोव्हेंबर २०२४ मध्ये. २०१६ चे ५० कोटी डॉलर फेब्रुवारी २०२६ मध्ये. २०१७ चे ५० कोटी युरो फेब्रुवारी २०२७ मध्ये. २०१८ चे ४० कोटी डॉलर मार्च २०२८ मध्ये. याशिवाय २०१६ आणि २०१७ साली लंडनच्या बाजारात विकलेले रुपयांतले मसाला बॉण्ड. त्यांची मुदत पाच वर्षांची, म्हणजे परतफेड २०२१ आणि २०२२ मध्ये. देशातल्या करमुक्त रोख्यांची मांडणी आणखी लांब पल्ल्याची आहे. २०१३ च्या विक्रीत १०, १५ आणि २० वर्षांच्या तीन मुदती ठेवल्या, त्या संपतात २०२३, २०२८ आणि २०३३ मध्ये. २०१५ च्या विक्रीतल्या अशाच तीन मुदती २०२५, २०३० आणि २०३५ मध्ये संपतात. अशी देणी वर्षांवर वाटून घातली, की कुठल्याही एका वर्षाचा बोजा त्या वर्षाच्या कमाईला आणि नवं-जुनं करण्याच्या ताकदीला झेपतो.

आठ वर्षं मुद्दलाला हात न लावण्याचं कारण समजून घ्यायला होटगीकडे जावं लागतं.

होटगी स्टेशनच्या पुढे फताटेवाडीच्या रानात एनटीपीसीचा सोलापूर प्रकल्प उभा आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, मिळून १,३२० मेगावॉट. पाणी उजनीचं, कोळसा रेल्वेनं दुरून येणारा. पहिला संच सप्टेंबर २०१७ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाला, दुसरा मार्च २०१९ मध्ये. जमीन घ्यायची, पाया खणायचा, बॉयलर उभारायचा, पाण्याची वाहिनी टाकायची, रेल्वेची बाजूलाईन आणायची, या सगळ्यात वर्षं जातात आणि तेवढी वर्षं प्रकल्प एक रुपयाही कमवत नाही. अशा कामासाठी तीन वर्षांत फेडायचं कर्ज घेतलं, तर पहिली वीज बाहेर पडण्याआधीच वसुलीची नोटीस दारात येईल. द्राक्षबाग लावणाऱ्याला हे पटकन कळतं. वेलीला पहिलं पीक येण्याआधी बँकेनं हप्ता मागितला, तर तो विहिरीतूनच काढावा लागेल.

मग मुदत किती असावी? वीजप्रकल्पांसाठी याचं उत्तर नियमांतच लिहून ठेवलं आहे. केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना असं धरतो, की प्रकल्पाच्या १०० रुपये खर्चातले ७० रुपये कर्ज आणि ३० रुपये मालकाचं भांडवल. यंत्रसामग्रीवर वर्षाला ५.२८ टक्के घसारा पहिली बारा वर्षं वीजदरातून वसूल होऊ देतात आणि तो घसारा हाच त्या वर्षीच्या कर्जाचा हप्ता मानतात. बारा वर्षांत ही वसुली ६३ रुपयांच्या थोडी पुढे जाते, म्हणजे ७० रुपये कर्जातला बहुतेक भाग फिटतो. राहिलेला घसारा प्रकल्पाच्या उरलेल्या आयुष्यावर पसरवतात. कोळशावरच्या संचाचं आयुष्य २५ वर्षं धरलं जातं. फताटेवाडीच्या पहिल्या संचाची बारा वर्षं २०२९ मध्ये भरतील, दुसऱ्याची २०३१ मध्ये. १ एप्रिल २०२४ पासून पुढे सुरू होणाऱ्या प्रकल्पांसाठी ही बारा वर्षांची मुदत आयोगानं पंधरावर नेली आहे. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतला वीजदर थोडा हलका होतो, पण कर्ज तीन वर्षं जास्त डोक्यावर राहतं.

या व्यवस्थेतली एक गोष्ट सोलापूरकरांनी आवर्जून समजून घ्यावी असं मला वाटतं. वीज विकत घेणाऱ्या महावितरणसारख्या कंपन्या वीजनिर्मिती कंपनीला दोन भागांत पैसे देतात. एक भाग प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचा, म्हणजे मुख्यतः कोळशाचा. दुसरा भाग स्थिर आकाराचा. संच ठरलेल्या प्रमाणात वीज द्यायला तयार असला, की हा स्थिर आकार मिळतो, मग त्या दिवशी वीज घेतली जावो वा न जावो. कोळसा लांबून आल्यामुळे वीज महाग पडली आणि स्वस्त वीज आधी उचलण्याच्या नियमानुसार संचाचा नंबर मागे गेला, तरी कर्जाचा हप्ता या स्थिर आकारातून निघतो. वीस वर्षांसाठी पैसे द्यायला लोक तयार होतात ते याच भरवशावर. आपल्या घरच्या वीजबिलावरचा 'स्थिर आकार' आणि हा स्थिर आकार एकच नव्हे. पण अनेक वळणं घेत हा बोजा शेवटी आपल्या बिलापर्यंत पोचतो. कुठल्या तरी रोख्याची २०३१ ची तारीख आणि आपल्या वीजबिलातले काही पैसे यांचा असा संबंध आहे.

एवढ्या लांब मुदतीचं कर्ज देतं कोण? आपल्या शहरात याचं उत्तर विडी वळणाऱ्या बायकांपर्यंत जाऊन पोचतं. सोलापुरात हजारो स्त्रिया विडी कारखान्यांच्या हजेरीपटावर आहेत आणि त्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. पंचविशीतल्या बाईचा फंड तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी द्यायचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेचं देणं तेहतीस वर्षांनंतरचं. एवढं लांबचं देणं असणाऱ्या संस्थेला गुंतवणूकही लांब मुदतीचीच हवी असते, म्हणून ती सार्वजनिक कंपन्यांचे दीर्घ मुदतीचे रोखे घेते. आयुर्विमा महामंडळाचंही असंच आहे. वीजप्रकल्पाला उशिरा फेडायचं असतं, फंडाला उशिरा हवं असतं, आणि दोघांची गाठ रोख्याच्या कागदावर पडते. परदेशातले विमा आणि पेन्शन फंडही याच विचारानं चालतात. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजनं ४०० कोटी डॉलर उभारले, ते १०, ३० आणि ४० वर्षांच्या तीन मुदतींनी. त्यातला शेवटचा रोखा २०६२ मध्ये फिटायचा आहे. याच कंपनीनं १९९७ मध्ये तर शंभर वर्षांचा रोखा विकला होता. त्याची मुदत संपते २०९७ मध्ये.

मुदत चुकली की काय होतं, हे सोलापूरला कुणी शिकवायची गरज पडू नये.

मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर या तिन्ही ठिकाणच्या कापड गिरण्या एकेकाळी लोकांच्या ठेवींवर चालत. लोक गिरणीत सहा महिने, वर्षभरासाठी पैसे ठेवत, व्याज घेत आणि मुदत संपली की पुन्हा ठेवत. गिरणीच्या मालकावर विश्वास असेतोवर हे दरवर्षीचं नवं-जुनं बिनबोभाट पार पडे. पण त्या पैशांतून घेतलेले माग आणि चात्या पंचवीस-तीस वर्षं चालायच्या आणि तेवढ्या वर्षांत आपली किंमत वसूल करायच्या. पैसा वर्षाच्या बोलीचा, यंत्र तीस वर्षांचं. मंदी आली, मालकाबद्दल बाजारात कुजबुज सुरू झाली की सगळे ठेवीदार एकाच आठवड्यात दारात उभे राहत. गिरणीत माग असत, गठ्ठे असत, कापड असे. नसायची ती फक्त रोकड.

आपल्या जुन्या गिरणीची, म्हणजे १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गोष्ट याहून वेगळी आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकवतात. कंपनीचं भरणा झालेलं भांडवल ३२ लाख रुपये. त्यातले १६ लाख साध्या शेअरांचे, पूर्ण भरलेले. बाकीचे १६ लाख ३२,००० प्राधान्य शेअरांचे. हे शेअर शंभर रुपयांचे होते, पण प्रत्येकी पन्नासच रुपये भरलेले होते. उरलेले पन्नास कंपनी मागेल तेव्हा द्यायचे. ही मागणी कधी येणार, याची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, भोंगा थांबला आणि हजारो कामगार घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि स्वतःचे संचालक नेमले. पुढच्याच महिन्यात या संचालकांनी प्राधान्य भागधारकांकडे उरलेले पन्नास रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास नावाचे भागधारक न्यायालयात गेले. गिरणीचा ताबा सरकारकडे, आमचा कारभारातला अधिकार संपलेला, आणि पैसे मात्र आम्ही भरायचे? डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हाही एक होता.

घटनेच्या अभ्यासात या खटल्याला मालमत्तेच्या हक्कासाठी महत्त्व आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या देण्याला तारीख नसते, ते सगळ्यात वाईट दिवशी मागितलं जातं. गिरणी भरभराटीत असताना ते पन्नास रुपये कुणी मागितले नाहीत. मागितले ते गिरणी बंद पडल्यावर. दीर्घ मुदतीच्या रोख्यावर छापलेली तारीख दोन्ही बाजूंचं रक्षण करते. आधी मागता येत नाही आणि नंतर टाळता येत नाही.

आजच्या सोलापूर जिल्ह्यात मुदतीची ओढाताण पाहायची तर साखर कारखान्यात पाहावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान ऊसदर, द्यावी लागते, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. ऊस चार-पाच महिन्यांत गाळला जातो. साखर मात्र वर्षभर, केंद्रानं ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणे थोडी थोडी विकली जाते. देणं चौदा दिवसांचं, येणं बारा महिन्यांचं. मधली फट भरायला गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यावी लागते. साखरेचे भाव उतरले की तारणाचं मोल कमी होतं, उचल कमी मिळते आणि शेतकऱ्याची रक्कम अडकते. गाळप जोरात, चिमणीतून धूर निघतोय, आणि ऊस घालणारा माणूस हेलपाटे मारतोय, हे चित्र आपल्याला नवं नाही. यातले काही कारखाने वाईट कारभारानं बुडाले हे खरं आहे. पण चांगल्या कारभाराच्या कारखान्यालाही हा चौदा दिवसांचा फास दरवर्षी सोसावा लागतो.

मुदत चुकल्याच्या दोन घटना, एक मुंबईतली आणि एक पुण्यातली, अजून बाजाराच्या आठवणीत ताज्या आहेत. आयएल अँड एफएस ही कंपनी रस्ते, बोगदे, वीजप्रकल्प अशा कामांत पैसे घालायची. ही कामं वीस-पंचवीस वर्षं टोल आणि भाडं देणारी. कंपनीच्या समूहावर सुमारे ९१,००० कोटींचं कर्ज होतं आणि त्यातला बराच पैसा थोड्या मुदतीचा होता, काही तर महिन्यांच्या बोलीचा. ते फिटत होतं ते पुन्हा तसंच थोड्या मुदतीचं कर्ज घेऊन. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे नवं-जुनं अडलं. वरच्या पतश्रेणीतली कंपनी काही आठवड्यांत थेट थकबाकीदार ठरली आणि १ ऑक्टोबरला सरकारनं तिचं संचालक मंडळ बदललं. तिचे रस्ते त्या दिवशीही जागेवर होते आणि त्यांच्यावरून गाड्याही धावत होत्या.

पुण्याच्या सुझलॉननं २००७ मध्ये पाच वर्षांचे परिवर्तनीय रोखे परदेशात विकले. कल्पना अशी, की शेअरचा भाव चढेल, रोखेधारक शेअर घेतील आणि कर्ज आपोआप संपेल. २००८ नंतर भाव कोसळला. शेअर कुणालाच नको होते, सगळ्यांना रोख पैसे हवे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीनं चार महिन्यांची सवड मागितली. रोखेधारकांनी नकार दिला आणि २० कोटी ९० लाख डॉलरचं देणं थकलं. पवनचक्क्यांच्या धंद्यातल्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी चार महिन्यांच्या सवडीसाठी अडली.

मग सामान्य भागधारकानं हे पाहायचं कुठे? मावशीला मी एनटीपीसीचा वार्षिक अहवाल उघडून दाखवला. चारशे-पाचशे पानांचा दस्तऐवज असतो, पण आपल्याला त्यातल्या तीनच जागा लागतात. पहिली जागा दीर्घ मुदतीच्या कर्जांची टीप. तिथे प्रत्येक रोखा, त्याचा व्याजदर आणि फेडायचा दिवस ओळीनं दिलेला असतो, लांबच्या तारखेपासून जवळच्या तारखेपर्यंत. दुसरी जागा 'दीर्घ मुदतीच्या कर्जाचा चालू भाग', म्हणजे येत्या बारा महिन्यांत फेडायची रक्कम. एप्रिल २०२१ पासून ही रक्कम थोड्या मुदतीच्या कर्जांच्या शीर्षकाखाली दाखवायचा नियम आहे. त्याआधीचे अहवाल ताडून पाहताना हे ध्यानात ठेवावं, नाहीतर थोड्या मुदतीचं कर्ज एका वर्षात एकदम फुगलं असं वाटेल. तिसरी जागा सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी: रोखतेच्या जोखमीचा तक्ता. तिथे सगळी देणी रकान्यांत मांडलेली असतात. तीन महिन्यांच्या आत, तीन ते बारा महिने, एक ते दोन वर्षं, दोन ते पाच वर्षं, पाच वर्षांपुढे. या ओळीतला कुठला रकाना शेजारच्या रकान्यांपेक्षा उगाच फुगलेला आहे का, ते पाहावं. आणि पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करून ती कंपनीच्या वर्षाच्या कामकाजातून येणाऱ्या रोख रकमेशेजारी ठेवावी. नफ्याशेजारी ठेवू नये. नफ्यात उधारी धरलेली असते, हप्ता रोखीनं भरावा लागतो.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट परदेशी कर्जाची. नोव्हेंबर २०१४ मध्ये एनटीपीसीनं ५० कोटी डॉलर घेतले तेव्हा डॉलर ६१-६२ रुपयांना होता, म्हणजे कर्ज तीन हजार कोटींच्या थोडं पुढे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते फेडायची वेळ आली तेव्हा डॉलर ८४ च्या वर गेला होता. तेच ५० कोटी डॉलर आता चार हजार दोनशे कोटींच्या घरात. दर वर्षाचं व्याज मात्र ४.३७५ टक्के, जेव्हा देशातल्या बाजारात कंपनीला नऊ टक्क्यांच्या आसपास मोजावे लागत होते. एका हातानं व्याजात वाचलं, दुसऱ्या हातानं मुद्दलात गेलं. विनिमय दराचा हा फरक नियमांच्या चौकटीत वीजदरातून वसूल करता येतो, म्हणून एनटीपीसीसारखी कंपनी तो सोसू शकते. आपल्या एमआयडीसीतल्या टॉवेल निर्यातदारानं यंत्रांसाठी डॉलरमध्ये कर्ज काढलं, तर त्याची कमाईही डॉलरमध्ये असते, त्यामुळे त्याचं बरंचसं जमतं. ज्याची कमाई रुपयात आहे आणि दर वाढवायची मुभा नाही, त्यानं मात्र स्वस्त व्याजाला भुलून डॉलरच्या दहा वर्षांच्या कर्जाकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक छोटा नियम सांगण्याजोगा आहे. पूर्वी रोखे विकणाऱ्या कंपनीला त्यांच्या परतफेडीसाठी नफ्यातून वेगळा राखीव निधी ठेवावा लागे. २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना यातून मोकळीक मिळाली. पण वर्षभरात जेवढे डिबेंचर फेडायचे आहेत, त्याच्या १५ टक्के रक्कम ३० एप्रिलपर्यंत बाजूला, सुरक्षित ठिकाणी गुंतवून ठेवायची अट राहिली. माझ्या दृष्टीनं ही पंधरा टक्के रक्कम अपुरी आहे. चांगल्या कंपनीला तिची गरज नाही आणि अडचणीतल्या कंपनीच्या रोखेधारकाला ती पुरणार नाही.

हे सगळं ऐकून मावशीनं तिची वही पुढे ओढली. तिच्या तीन हप्त्यांपुढे तिनं बरोबरची खूण केली, तिचं डिबेंचर आता पूर्ण फिटलं होतं. मग म्हणाली, "आता कंपनीच्या पुढच्या तारखा सांग." मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. फेब्रुवारी २०२७, युरो. मार्च २०२८, डॉलर. डिसेंबर २०२८. २०३०. डिसेंबर २०३३. ऑक्टोबर २०३५ पाशी ती थांबली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"तेव्हा मी ब्याऐंशीची," ती म्हणाली, आणि तेही तारखेपुढे कंसात लिहून ठेवलं.